तिथीची पाऊणपट

मार्गशीर्षातली गोष्ट आहे. आमच्या शाळेची सहल काशीदला गेली होती. अलिबागहून मुरूडकडे निघाले, की रेवदंड्याची खाडी ओलांडावी लागते. मग कोर्लईचा किल्ला उजव्या हाताला ठेवून रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. काशीद याच रस्त्यावर, मुरूड तालुक्यात आहे. एका अंगाला फणसाडच्या जंगलाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सुमारे तीन किलोमीटर लांबीची वाळू. मुलांनी बसमधून उतरताच पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या ओल्या वाळूच्या कडेला ढीग करून ठेवल्या आणि खेळ मांडला. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

वाडीच्या कुंपणाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तरुणपणी मचव्यावर काम केलेले. मी सहज विचारले, "आजोबा, पाणी आणखी वर येईल का हो?" त्यांनी उलट मलाच प्रश्न केला, "आज तिथ कुठली, गुरुजी?"

आम्हां कोणालाच ती ठाऊक नव्हती. शेवटी फोनमधले पंचांग पाहून एका मुलीने सांगितले, "शुद्ध पंचमी."

"मग पावणेचारला भरती. तोवर पाणी चढतंच राहणार. पोरांच्या त्या पिशव्या आधी उचला."

आम्ही पिशव्या उचलल्या. तीन वाजायच्या आतच त्या जागी लाटांचा फेस खेळू लागला. आजोबांच्या हाती घड्याळ नव्हते, भरतीचे वेळापत्रकही नव्हते. त्यांनी केला होता एक गुणाकार. पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. तो गुणाकार कोठून आला, तो कितपत खरा आहे, आणि त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हे आज आपण पाहू.

नियम असा आहे. चालू पक्षाची तिथी घ्या. तिला पाऊणने गुणा. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, पूर्ण भरती असते. त्यात सहा तास मिळवले, की पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत एकच. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही पंधरा धरायच्या. मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत हा नियम जुन्या माणसांच्या तोंडी आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, तेथे जाणाऱ्यांना तर तो फारच उपयोगी. तृतीयेला सव्वादोनला भरती, तर सव्वाआठला ओहोटी. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आगेमागे किल्ल्यात जाऊन यायचे. (मुरूडच्या जंजिऱ्याला मात्र हे गणित कामाचे नाही. त्याच्याभोवती ओहोटीलाही पाणी असते, राजपुरीहून होडीच करावी लागते.)

आता हा पाढा म्हणून पाहा. एकाची पाऊणपट पाऊण, दोनांची दीड, तिनांची सव्वादोन, चारांची तीन, पाचांची पावणेचार, सहांची साडेचार, सातांची सव्वापाच, आठांची सहा. गंमत लक्षात आली का? ही उत्तरे अपूर्णांक आहेत आणि तीच घड्याळातली वेळही आहे. सव्वा, साडे, पावणे हे शब्द मराठीत मोजमापाला आणि वेळेला एकच आहेत. उत्तराचे मिनिटांत रूपांतर करायची गरजच पडत नाही.

पण मुळात पाऊणच का?

तिथी म्हणजे काय, ते आधी पाहू. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधला कोन रोज वाढत जातो. अमावास्येला दोघे एका दिशेला असतात, कोन शून्य. पौर्णिमेला ते समोरासमोर असतात, कोन १८० अंश. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला, की एक तिथी पूर्ण झाली. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून तिथी ३६० ÷ १२ = ३०.

दुसरीकडे पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. सूर्य डोक्यावर आल्यानंतर चंद्र डोक्यावर यायला, त्यांच्यामध्ये जितके अंश तितका वेळ लागणार. एका तिथीचे १२ अंश फिरायला १२ ÷ १५ = ४/५ तास, म्हणजे ४८ मिनिटे. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावर येतो. पुढे प्रत्येक तिथीला त्याला ४८ मिनिटे उशीर होत जातो. पंधरा तिथींनंतर हा उशीर १५ × ४८ = ७२० मिनिटे, म्हणजे बरोबर १२ तास होतो. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर असतो हे तुम्ही पाहिलेच आहे.

भरती ही मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते, आणि एक फुगवटा चंद्राच्या बाजूला व दुसरा त्याच्या विरुद्ध बाजूला असल्याने दिवसातून दोनदा येते. चंद्राला जेवढा उशीर, तेवढाच भरतीला. पंधरा तिथींत भरती बारा तासांनी मागे पडली, की घड्याळाचा काटा पुन्हा होता तेथेच येतो. म्हणून वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजले तरी चालते. दोन्ही पक्षांना एकच रीत का, याचे उत्तर यात आहे.

येथे एक शंका यावी. अमावास्येला चंद्र बाराला डोक्यावर आला, तर भरतीही बाराला यावी, असे कोठे आहे? तसे मुळीच नाही. समुद्राचे पाणी चंद्राच्या मागे लगेच धावू शकत नाही. किनाऱ्याचा आकार, समुद्राची खोली, खाड्यांची तोंडे यांमुळे प्रत्येक बंदरात भरती आपापल्या वेळी येते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आगेमागे येते, हा आपल्यासाठी एक योगायोग आहे. त्यामुळे नियमात बेरीज करायची वेगळी संख्या लागत नाही. दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन हाच पाढा म्हणाल तर फसाल. तेथे आधी अमावास्येच्या भरतीची वेळ विचारून घ्यावी आणि मग तीत भर घालावी.

बरे, हिशेबाने आले ४८ मिनिटे, म्हणजे चार-पंचमांश तास. आजोबांनी घेतला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची चूक. ती लहान वाटते खरी, पण चुकांचीही बेरीज होते. पौर्णिमेला १५ × ४५ = ६७५ मिनिटे, म्हणजे सव्वाअकरा वाजले. यायला हवे होते बारा. आणि दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, नियम सांगतो पाऊण वाजता. एका दिवसात सव्वाअकरावरून पाऊण, म्हणजे तब्बल दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. एखाद्या नियमात असा सांधा उघडा पडला, की चूक समुद्राची नसून नियमाची आहे, असे खुशाल समजावे.

मग लोकांनी चार-पंचमांश का घेतला नाही? याबद्दल मला जे वाटते ते सांगतो. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत. कारण सारा व्यवहारच चौथ्या हिश्शांचा होता. रुपयाचे सोळा आणे, पावलीचे चार, अधेलीचे आठ, पाऊण रुपयाचे बारा. शेर, अच्छेर, पावशेर हेही तसेच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक वजनमापे आली, तोपर्यंत बाजारातला प्रत्येक माणूस पाऊणपट बोटांवर करीत असे. पाचवा हिस्सा मात्र कोणाच्या रोजच्या हिशेबात नव्हता. ज्या समाजाच्या तोंडी जो पाढा, त्याच पाढ्यात त्याने समुद्र बसवला. गणित आणि समाजशास्त्र ही दोन वेगळ्या तासांची पुस्तके आहेत असे आपण धरून चालतो. या नियमात ती एकाच पानावर आली आहेत.

चूक सुधारणे सोपे आहे. पाऊणपट काढा, आणि तिथीच्या तिप्पट मिनिटे तीत मिळवा. पंचमीला पावणेचार अधिक पंधरा मिनिटे, म्हणजे चार. पण थांबा, आजोबांना चुकीचे ठरवायची घाई करू नका. ४८ मिनिटे ही सरासरी आहे. प्रत्यक्षात भरतीचा रोजचा उशीर सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तो सरासरीपेक्षा कमी असतो आणि अष्टमीच्या आसपास पुष्कळ जास्त. कारण भरती एकट्या चंद्राची नसते, तीत सूर्याचाही वाटा असतो, आणि तो कधी भरतीला अलीकडे ओढतो, कधी पलीकडे. त्यामुळे पक्षाच्या पहिल्या आठवड्यात साधी पाऊणपट कधी कधी आपल्या सुधारलेल्या हिशेबापेक्षाही खऱ्याच्या जवळ जाते. उलट द्वादशी-त्रयोदशीला ती बरीच मागे राहते. शिवाय पंचांगात छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते. ती दिवसात केव्हाही बदलू शकते, एखादी तिथी कमी-जास्तही होते. एवढे सगळे धरले, तर या नियमात अर्ध्या-पाऊण तासाचा, कधी तासाहूनही अधिक फरक पडतो. पिशव्या उचलायला तो पुरेसा आहे, होडी बंदरात घालायला नाही.

होडीवाल्यांसाठी आणि जहाजांसाठी म्हणूनच बारीक हिशेब करावा लागतो. सूर्य, चंद्र, त्यांची अंतरे, त्यांचे उत्तर-दक्षिण सरकणे, अशा अनेक कारणांच्या लहानमोठ्या लाटा एकमेकींत मिळवून भरतीची वेळ व उंची काढतात. ही बेरीज करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) १८७२ च्या सुमारास तयार करवले. हिंदुस्थानातील बंदरांसाठी असे एक यंत्र १८७९ साली बनले. आज हे काम संगणक करतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि मुंबईचे अपोलो बंदर हे त्यांतील एक प्रमुख ठाणे आहे. सहल काढणाऱ्या शिक्षकांनी त्या दिवसाची वेळ त्यावरूनच घ्यावी. पाऊणपट पडताळ्यासाठी ठेवावी.

पाणी किती वेगाने चढते?

भरती केव्हा, हे कळले. पण आमच्या पिशव्या भिजणार होत्या त्या पावणेचारला नव्हे, तीनच्या आधीच. सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. पहिल्या तासात हळू, मध्ये भराभर, शेवटी पुन्हा हळू. दर्यावर्दी लोकांचा यासाठी एक ठोकताळा आहे. एकूण चढ बारा भागांचा धरला, तर सहा तासांत तो अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग होतो. बेरीज करून पाहा, बरोबर १२.

उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तो दीड-दोन मीटरवर येतो. आपण सोयीसाठी ३६० सेंटिमीटर चढ घेऊ. एक भाग ३० सेंटिमीटर. म्हणजे सहा तासांत पाणी ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३० सेंटिमीटर असे उभे चढेल.

पण आपण वाळूवर उभे असतो. पाणी उभे किती चढले हे आपल्याला दिसत नाही, ते आडवे किती आत आले हे दिसते. येथे उतार मध्ये येतो. समजा, वाळूचा उतार ३० ला १ आहे, म्हणजे ३० मीटर चालले की १ मीटर उतरतो. तर ९० सेंटिमीटर चढलेले पाणी आडवे ०.९ × ३० = २७ मीटर आत येईल. तासाला २७ मीटर, म्हणजे मिनिटाला ४५ सेंटिमीटर. दोन मिनिटांत एक पाऊल, असे म्हणा ना. तुम्ही खेळात दंग असाल तर ते कळणारही नाही. अर्ध्या तासाने मागे वळून पाहाल तेव्हा चप्पल तरंगत असेल. सहा तासांत एकूण १०८ मीटर. हाच उतार १० ला १ असता, तर पाणी ३६ मीटरच आत आले असते, पण मग थोड्याच अंतरावर ते छातीशी लागले असते. सपाट किनारा आणि तीव्र उताराचा किनारा, दोन्हींचे धोके निरनिराळे.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. काशीदहून पुढे गेले, की मुरूडचा किनारा लागतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी तेथे सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. म्हणजे भांगाचा दिवस, पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असण्याचा. आपला नियम पाण्याची पातळी सांगतो. पाण्याखालची ओढ, वाळूतले खड्डे, लाटा परतताना पाय सुटणे, यांतले काहीही तो सांगत नाही. भांग आहे म्हणून समुद्र गरीब आहे, असा अर्थ काढणे म्हणजे गणिताला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय. काशीदच्या किनाऱ्यावरही पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. तेथील लोक "पुढे जाऊ नका" म्हणतात तेव्हा कोणत्या तिथीला काय झाले हे त्यांच्या आठवणीत असते.

वाळूवरची रेषा

उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते, ती भरतीरेषा. काशीदला वाळूच्या वरच्या अंगाला शिंपले, काटक्या, नारळाच्या करवंट्या यांची एक ओळ पडलेली दिसते, तीच स्थूलमानाने ही रेषा. खाडीकाठच्या शेतकऱ्याला ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. त्याने तिच्यापेक्षा उंच बांध घालून खारे पाणी शेताबाहेर ठेवले आणि बांधात उघाडी बसवली. ओहोटीला तिचे दार आतल्या पाण्याने उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटते. सरकारच्या कायद्यातही ही रेषा आली. १९९१ च्या फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला मनाई झाली.

२०१९ च्या अधिसूचनेत येथे एक गणित घुसले. ज्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक, तेथे ही मनाई ५० मीटरवर आणता येते. बाकीच्या गावांत २०० मीटरच. घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही भूगोलात शिकलात. रायगड जिल्ह्याची २०११ ची घनता ३६८ होती. आता दोन काल्पनिक गावे घ्या. दोन्हींत १८०० माणसे, दोन्हींची घरे सारखीच दाटीवाटीने समुद्राला लागून. पहिल्या गावाचे क्षेत्र ०.८ चौरस किलोमीटर, घनता २२५०. दुसऱ्याच्या हद्दीत मागचा डोंगरही मोजला जातो, म्हणून क्षेत्र ३ चौरस किलोमीटर, घनता ६००. पहिल्याला ५० मीटरची सवलत, दुसऱ्याला २०० मीटरची अट. दोन्ही गावांतली गल्ली सारखीच अरुंद आहे. फरक पडला तो फक्त छेदामुळे. सरासरी सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याला आधी छेद विचारावा, ही माझी विद्यार्थ्यांना नेहमीची विनंती असते.

आणि ही रेषा स्थिर तरी कोठे आहे? १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ३० ला १ उताराच्या वाळूवर तेवढ्याने रेषा ०.२ × ३० = ६ मीटर आत येईल. खऱ्या किनाऱ्यावर लाटा वाळू उचलतात, दुसरीकडे टाकतात, म्हणून उत्तर इतके सरळ येत नाही. पण ५० मीटरमधले ६ मीटर आणि २०० मीटरमधले ६ मीटर यांचे शेकडा प्रमाण काढून पाहा.

करून पाहा

किनाऱ्याजवळ राहत असाल, तर एका पक्षाच्या पंधरा दिवसांत जमेल तेव्हा भरतीची वेळ टिपा. शेजारी पाऊणपट आणि तिथीची तिप्पट मिनिटे मिळवलेली वेळ लिहा. कोणत्या तिथींना कोणता नियम जवळ येतो, त्याचा आलेख काढा. निरीक्षण कोरड्या वाळूवरूनच करायचे, आणि सोबत मोठे माणूस हवे.

उतार मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीचे एक टोक वरच्या काठीला, दुसरे दहा मीटर खाली उभ्या केलेल्या काठीला धरा. दोन्ही टोकांतले पाणी स्थिर झाले, की दोन्ही काठ्यांवर त्या पाण्याची वाळूपासूनची उंची मोजा. दोन उंचींतला फरक म्हणजे दहा मीटरमधला उतार. पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, अशा दोन वेळा मोजा.

समुद्र दूर असेल, तर आपल्या गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ ग्रामपंचायतीतून आणून घनता काढा. मग गायरान, जंगल आणि डोंगर वजा करून, नुसत्या राहत्या जागेची घनता पुन्हा काढा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून गुरुजींना दाखवा.